कोण बोलतंय?

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाईंना एका दुपारी फोन आला. बोलणाऱ्याने सांगितले की त्यांच्या नावाने परदेशी पाठवलेल्या एका पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत आणि चौकशी सुरू झाली आहे. बाई म्हणाल्या, मी कसलेही पार्सल पाठवलेले नाही. त्यावर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "विश्वास नसेल तर फोनवर दिसतोय तो नंबर तपासून पाहा."

बाईंनी तपासला. पतसंस्थेने दिलेल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर अग्निशमन दल, रुग्णवाहिका, वीज मंडळ असे नंबर छापलेले होते. त्यांत शहरातल्या पोलीस ठाण्याचाही होता. फोनवर दिसणारा नंबर तोच होता, एकूण एक आकडा जुळत होता. मग व्हिडिओवर एक गणवेशातला माणूस आला. खोलीचे दार लावून घ्या, कोणाशी बोलू नका, फोन ठेवू नका, असे पाच तास चालले. संध्याकाळपर्यंत निवृत्तीच्या पैशांतली एक मुदत ठेव मोडली गेली होती.

पुढे आम्ही भेटायला गेलो. घरातली माणसे एकच गोष्ट पुन्हापुन्हा बोलत होती : एवढी शिकलेली बाई फसलीच कशी? बाईंचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्या म्हणाल्या, "नंबर खरा होता. मी पडताळून पाहिला. मुलांना मी आयुष्यभर तेच शिकवले, आधी पडताळा. मग त्या नंबरावरून हा खोटा माणूस बोलला कसा?"

घरच्यांच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला आहे. त्याचे उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला, कारण ते एका वाक्यात मावत नव्हते. आणि त्याची सुरुवात अमेरिकेतल्या, अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थापासून करावी लागत होती.

खुंटी खोचणारी बाई

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले ते १८७६ मध्ये. दोन वर्षांच्या आत अमेरिकेत न्यू हेवन येथे पहिले व्यापारी एक्सचेंज सुरू झाले, आणि १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथेही एक्सचेंजे उघडली. त्या काळी फोन करणे म्हणजे फोनची मूठ फिरवून एक्सचेंजमधल्या माणसाला जागे करणे. तिथल्या फळ्यावर तुमच्या तारेपुढची छोटी झडप पडे. चालक विचारी, "कोणाशी बोलायचे आहे?" आणि दोरीच्या टोकाची खुंटी योग्य भोकात खोचून दोन तारा जोडून देई. हे काम पुढे बहुतेक ठिकाणी स्त्रियांकडे आले.

या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप साधत होती. कोण फोन करतो आहे हे एक्सचेंजला ठाऊक असे. झडप कोणाची पडली हे समोर दिसत होते आणि लहान गावात आवाजही ओळखीचा असे. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या फोनसाठी ही पद्धत बराच काळ टिकली. ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहिलेले वाचक अजून असतील. फोन लागला की आधी ऑपरेटरचा आवाज येई, "नाशिकहून ट्रंक कॉल आहे, बोला." त्या चार शब्दांत फोन कुठून आला याची एका तिऱ्हाइताने दिलेली ग्वाही होती. तेव्हा आम्हाला ती ग्वाही वाटली नाही, नुसता खोळंबा वाटला.

आता त्या गृहस्थाकडे येऊ. अल्मन स्ट्रोजर हा कॅन्सस सिटीमध्ये अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा धंदा करीत असे. आपल्याला येणारे फोन एक्सचेंजमधली चालक मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता. ही कथा अनेक प्रकारे सांगितली जाते. कुठे ती बाई प्रतिस्पर्ध्याची पत्नी असते, तर कुठे नात्यातली कोणी. तपशील काही असो, मधला माणूसच काढून टाकायचे स्ट्रोजरने मनावर घेतले. १८९१ मध्ये त्याला स्वयंचलित एक्सचेंजचे पेटंट मिळाले आणि १८९२ च्या नोव्हेंबरात इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावी असे पहिले एक्सचेंज सुरू झाले.

त्याची कल्पना समजायला सोपी आहे. एक उभा दांडा, त्याला एक धातूचे बोट. भोवती दहा मजले आणि प्रत्येक मजल्यावर अर्धवर्तुळात दहा संपर्कबिंदू, म्हणजे एकूण शंभर. तुम्ही ४ फिरवलात की तारेतून विजेचे चार ठोके जातात आणि दांडा चार मजले वर चढतो. मग ७ फिरवलात की बोट सात घरे सरकते. झाली ४७ नंबरशी जोडणी. (शाळेच्या प्रयोगशाळेत लाकडी दांडा आणि पुठ्ठ्याच्या दहा कड्यांवर हे उत्तम दाखवता येते.) असे टप्पे एकापुढे एक जोडले की हजार, दहा हजार, लाख फोन जोडता येतात. तबकडी फिरवल्यावर येणारा खटखट आवाज हा त्या ठोक्यांचाच होता.

या यंत्राला फक्त एकच गोष्ट कळायची : कोणाला फोन करायचा आहे. कोण करतो आहे, हे त्याने कधी विचारलेच नाही, कारण जोडणी करायला त्याची गरज नव्हती. चालक बाईंबरोबर त्यांची ओळखही गेली. निनावी फोन, रात्री-अपरात्री फोन करून नुसते श्वास ऐकवणारे लोक, शिव्या देणारे लोक हे सारे या यंत्रानंतर फोफावले. तक्रार आली की एक्सचेंजमधले तंत्रज्ञ, फोन चालू असतानाच, एका धातूच्या बोटाकडून मागच्या बोटाकडे, त्याच्याकडून आणखी मागच्या बोटाकडे असे रांगांमधून धावत माग काढीत. जुन्या चित्रपटांत पोलीस "त्याला बोलत ठेवा" असे म्हणतात, त्यामागे हे खरे कारण आहे. फोन ठेवला की सगळी बोटे जागेवर परत जात आणि पुरावा नाहीसा होई.

शिट्टी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दूरच्या गावांनाही थेट नंबर फिरवून फोन लावण्याची सोय होऊ लागली. आता शहराशहरांमधल्या यंत्रांना एकमेकांशी बोलणे भाग होते : ही लाइन मोकळी आहे का, पुढे कोणता नंबर जोडू, फोन ठेवला का? या निरोपांसाठी वेगळ्या तारा टाकणे महाग होते. म्हणून बेल कंपनीच्या अभियंत्यांनी ते निरोप आवाजाच्याच तारेतून, स्वरांच्या रूपात पाठवायचे ठरवले. टेलिफोनची तार साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचे आवाज वाहून नेते. त्या पट्ट्यातला २६०० हर्ट्झचा स्वर "लाइन मोकळी आहे" याची खूण म्हणून निवडला. आकड्यांसाठी ७०० पासून १७०० पर्यंतच्या सहा स्वरांतल्या दोन-दोन स्वरांच्या जोड्या ठरल्या. कंपनीने हा सगळा तपशील १९५४ आणि १९६० साली आपल्या तांत्रिक नियतकालिकात छापूनही टाकला. ते कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात मिळत असे.

जो एंग्रेसिया हा जन्मांध मुलगा. कान विलक्षण तयार. सातआठ वर्षांचा असताना फोनवर शिट्टी घालता घालता त्याच्या लक्षात आले की ठरावीक स्वराला लाइन तुटते. तो स्वर २६०० हर्ट्झचा होता. दूरच्या यंत्राला वाटे की फोन ठेवला. पण तुमच्या बाजूचे, बिल लावणारे यंत्र मात्र पहिलाच फोन चालू आहे असे समजत राही. मग योग्य स्वर ऐकवले की हवा तो नंबर फुकट जोडून मिळे. न्याहारीच्या पोह्यांच्या एका प्रसिद्ध अमेरिकन खोक्यात मुलांसाठी घातलेली खेळण्यातली शिट्टीही नेमकी हाच स्वर काढते, हेही लोकांनी शोधून काढले. १९७१ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात यावर मोठा लेख आला. तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियॅक आणि स्टीव्ह जॉब्स या दोन तरुणांनी असे स्वर काढणाऱ्या पेट्या बनवून विकल्या. 'अॅपल' कंपनी त्यानंतरची.

या गोष्टी सहसा गंमत म्हणून सांगितल्या जातात, आणि गंमत आहेच. पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातले मर्म वेगळे आहे. यंत्र हुकूम ऐकत होते, पण हुकूम देणारा कोण हे पाहत नव्हते. शिपायाने 'मुख्याध्यापकांनी सांगितले आहे' हे शब्द ऐकून तिजोरी उघडावी, तसे. साहजिकच अभियंत्यांनी दुरुस्ती केली ती बोलणे आणि हुकूम वेगळे करण्याची. १९७६ पासून अमेरिकेत निरोपांसाठी संगणकांना जोडणारी स्वतंत्र वाहिनी सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात तिची 'सिग्नलिंग सिस्टिम नंबर ७' ही जागतिक आवृत्ती पसरू लागली. शिट्टीवाल्यांचे राज्य संपले.

या नव्या वाहिनीतून जाणाऱ्या निरोपात आणखी एका रकान्याला जागा होती. त्या रकान्यात फोन करणाऱ्याचा नंबर लिहिता येत होता.

पाकिटावरचा पत्ता

फोन वाजताना नंबर दिसण्याची सोय अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९८७ साली ग्राहकांना मिळू लागली. पहिली घंटी आणि दुसरी घंटी यांच्या मधल्या शांततेत, सेकंदाला १२०० बिट या गतीने, एक्सचेंज तो नंबर घरच्या पेटीला कळवी. निनावी फोनांचा आता बंदोबस्त झाला, असे लोकांना वाटले. विरोधही झाला. घरातल्या मारहाणीला कंटाळून आश्रयगृहात गेलेली स्त्री मुलांना फोन करील तेव्हा तिचा ठावठिकाणा उघड होईल. रुग्णाला घरून फोन करणाऱ्या डॉक्टरचा खासगी नंबर सगळ्यांना कळेल. पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयाने तर १९९० मध्ये ही सेवा तिथल्या कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. म्हणून नंबर झाकण्याची सोयही द्यावी लागली. त्या वादात चिंता होती ती नंबर दिसण्याची. दिसणारा नंबरच खोटा असेल, ही भीती फारशी कोणी बोलून दाखवली नाही.

इथे पोस्टाचे उदाहरण घेऊ, वर्गातही ते चालते. आंतर्देशीय पत्राच्या मागे 'पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता' अशी जागा असते. ती पत्र लिहिणारा स्वतः भरतो. तिथे कोणी 'राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली' असे लिहिले तरी पोस्ट पत्र परत करीत नाही. याउलट तिकिटावरचा गोल शिक्का पोस्टाचा असतो. पत्र खरोखर कुठे पडले हे तो सांगतो. फोनवर दिसणारा नंबर हा गोल शिक्का आहे, असे आपण सगळे समजत आलो. प्रत्यक्षात त्यासाठी निरोपात जो रकाना होता तो पाठवणाऱ्याच्या पत्त्यासारखा होता. फक्त, सुरुवातीला तो रकाना टेलिफोन कंपनीच भरत असे, म्हणून तो शिक्क्याइतका विश्वासाचा वाटला.

मग तो भरण्याचा अधिकार इतरांना कसा मिळाला? अगदी सरळ कारणासाठी. एखाद्या मोठ्या रुग्णालयात दोनशे फोन असतात. कोणीही फोन केला तरी रुग्णाला मुख्य नंबर दिसावा, ही मागणी रास्त आहे. तेव्हा मोठ्या कार्यालयांच्या खासगी एक्सचेंजना कोणता नंबर दाखवायचा ते ठरवण्याची मुभा मिळाली. टेलिफोन कंपन्या मोजक्या होत्या, एकमेकींना ओळखत होत्या, तोवर हे निभावले. १९८४ मध्ये अमेरिकेतली बेल व्यवस्था मोडली, नव्या कंपन्या आल्या. नव्वदच्या दशकात इंटरनेटवरून फोन सुरू झाले. आता फोन करणारा म्हणजे एक संगणक. आणि त्याच्या निरोपातला 'कोणाकडून' हा रकाना ई-पत्रासारखा, हवे ते टंकलिखित करून भरता येणारा. जगाच्या पाठीवर कुठेही बसलेल्या माणसाने त्यात आपल्या शहरातल्या पोलीस ठाण्याचा नंबर घातला, त्याचा फोन स्वस्तात पुढे नेणारी एखादी कंपनी मिळाली आणि मधल्या कोणी तपासले नाही, तर बाईंच्या फोनवर तोच नंबर उमटतो. ठाण्यातल्या फोनला याचा पत्ताही नसतो.

बाईंनी पडताळा केला होता, पण पाठवणाऱ्याने लिहिलेला पत्ता कॅलेंडरवरच्या पत्त्याशी ताडून पाहिला. दोन्ही जुळणारच होते. जुळावेत म्हणूनच तो निवडला होता.

यंत्रांचे फोन

खोटा नंबर हे अर्धे झाले. उरलेले अर्धे म्हणजे संख्या. माणसाने एकेक नंबर फिरवून दिवसात शंभरसव्वाशे फोन केले तर पुष्कळ झाले. १९८० च्या दशकात अमेरिकेत आपोआप नंबर फिरवून ध्वनिमुद्रित जाहिरात ऐकवणारी यंत्रे इतकी वाढली की १९९१ मध्ये तिथल्या संसदेला त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला.

आपल्यापैकी अनेकांना असा अनुभव येतो : फोन वाजतो, उचलतो, "हॅलो, हॅलो" म्हणतो, पलीकडे कोणीच नाही. हा चावटपणा असेल असे वाटते, पण बहुधा तो गणिताचा परिणाम असतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला गणिती एर्लांग याने १९०९ पासून एक शास्त्र उभे केले : किती फोन येतील, सरासरी किती वेळ चालतील, तर किती तारा लागतील? हे शास्त्र पुढे उलटे वापरले गेले. विक्री करणारी दहा माणसे बसली आहेत, चार फोनांपैकी एकच उचलला जातो, तर संगणकाने एका वेळी चाळीस नंबर लावावेत म्हणजे दहाही माणसे सतत बोलत राहतील. अंदाज चुकून बारा जणांनी उचलले तर? दोघांना बोलायला माणूस उरत नाही. ती शांतता आपल्या वाट्याला येते. अमेरिकेने २००३ मध्ये नियम केला की असे सोडून दिलेले फोन उचललेल्या फोनांच्या शेकडा तीनपेक्षा जास्त नसावेत. कोणाचा तरी वेळ वाया जाणार हे गृहीतच धरलेले होते. प्रश्न फक्त प्रमाणाचा होता.

त्याच वर्षी अमेरिकेत 'मला जाहिरातीचे फोन करू नका' अशी राष्ट्रीय नोंदवही उघडली आणि चार दिवसांत एक कोटीहून अधिक नंबर तिच्यात नोंदले गेले. भारतात २००७ मध्ये अशीच नोंदवही आली. २०११ पासून अधिक कडक नियम, १९०९ हा नोंदणीचा नंबर आणि जाहिरातवाल्यांसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आले. २०१८ मध्ये व्यापारी संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी व मजकुराचा नमुना आधी दाखल करणे बंधनकारक झाले.

या नियमांनी काही फरक पडला. प्रतिष्ठित कंपन्या सावध झाल्या. पण 'फोन करू नका' ही विनंती पाळतो तो मुळात कायदा पाळणारा माणूस. चोर नोंदवही वाचायला जात नाही. शिवाय तोवर इंटरनेटमुळे फोनचा खर्च इतका उतरला होता की लाखात एखादा फसला तरी धंदा परवडावा.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हात टेकले म्हणा किंवा शहाणपण दाखवले म्हणा, पन्नास हजार डॉलरची जाहीर स्पर्धाच लावली : ही यंत्रे अडवण्याची युक्ती सुचवा. २०१३ मध्ये दोघांना बक्षीस विभागून मिळाले. त्यांतल्या आरन फॉसची युक्ती आम्हाला फार आवडते, कारण तिच्यात नवे यंत्र काहीच नाही. एकच फोन दोन ठिकाणी वाजवण्याची सोय त्या ग्राहकांकडे आधीच होती. फॉसने दुसरी घंटी आपल्या संगणकाकडे घेतली. एकच नंबर एका मिनिटात हजारो घरी वाजतो आहे असे दिसले की तो माणूस असू शकत नाही. मग संगणक घरच्या आधी फोन उचलतो आणि तोडतो. घरात एकदाच घंटी वाजून थांबते. एका घरात बसून जे कळणे शक्य नाही ते हजार घरांचे एकत्र पाहिले की चटकन दिसते. साथरोगांचा अभ्यास असाच होतो.

चोरांनीही उत्तर शोधले. दर फोनला नवा खोटा नंबर, तोही ज्याला फोन करायचा त्याच्याच नंबरातले सुरुवातीचे आकडे उचलून, म्हणजे शेजारचे कोणी वाटावे. ज्यांचे नंबर असे चोरले गेले त्यांना अनोळखी लोक उलट फोन करून शिव्या देऊ लागले.

सत्यप्रत

खरा उपाय म्हणजे त्या रकान्यावर पुन्हा कोणा जबाबदार माणसाचा शिक्का मारणे. शिक्षकांना हे समजावण्याची गरज नाही. गुणपत्रिकांच्या किती प्रतींवर 'सत्यप्रत' म्हणून सह्या केल्या असतील! २०१८ मध्ये यासाठी नियम प्रसिद्ध झाले. त्यांना 'स्टर' आणि 'शेकन' अशी नावे आहेत. आद्याक्षरे ओढूनताणून जुळवली आहेत. जेम्स बाँडचे पेय ढवळलेले नको, हलवलेले हवे, या विनोदासाठी अभियंत्यांनी एवढी खटपट केली.

पद्धत अशी. ज्या कंपनीकडून फोन निघतो तिने निरोपावर संगणकीय सही करायची. ही सही दोन किल्ल्यांच्या गणितावर चालते. एका गुप्त किल्लीने सही होते, दुसऱ्या जाहीर किल्लीने ती कोणालाही तपासता येते. मात्र जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधता येत नाही. सहीचे तीन दर्जे आहेत. 'अ' : हा ग्राहक मला माहीत आहे आणि हा नंबर त्याचाच आहे. 'ब' : ग्राहक माहीत आहे, नंबराचे सांगता येत नाही. 'क' : फोन दुसरीकडून आला, मी फक्त पुढे पाठवला. अमेरिकेने २०१९ च्या अखेरीस कायदा करून मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ ची मुदत घालून दिली. मर्यादा दोन आहेत. जुन्या, इंटरनेट पद्धतीने न चालणाऱ्या एक्सचेंजमधून फोन गेला की सही वाटेत गळून पडते. आणि सही सांगते ती नंबर खरा असल्याचे, माणूस खरा असल्याचे नव्हे.

भारताने २०२४ मध्ये आणखी एक साधा तर्क वापरला. परदेशातून येणाऱ्या फोनवर भारतीय नंबर दिसत असेल, तर तो भारतीय फोन खरोखर परदेशी गेलेला असला पाहिजे. तसा नसेल तर नंबर खोटा. हजेरीपटावर 'उपस्थित' असलेला मुलगा त्याच वेळी बाजारात दिसला तर दोहोंपैकी एक चूक असणार, तसे. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी ही यंत्रणा सुरू झाल्याचे जाहीर झाले आणि पहिल्या २४ तासांत असे सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडवले गेले, असे सरकारने सांगितले. एका दिवसातला हा आकडा आम्ही दोनदा वाचला. बाईंचा फोन त्याच्या काही आठवडे आधीचा.

वाट बंद झाली की दुसरी निघते. परदेशातून इंटरनेटवरून आलेला फोन देशातल्याच एखाद्या खोलीत, शेकडो सिमकार्डे बसवलेल्या पेटीतून बाहेर काढला की तो अस्सल देशी होतो. अशा पेट्या पोलिसांनी अनेक शहरांत पकडल्या आहेत.

पलीकडचा माणूस

इथवर आम्ही यंत्रांबद्दल बोललो, ते सोपे असते. पलीकडे बोलत होता तो मात्र माणूस होता.

२०१६ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे काही कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सुमारे सातशे जणांना ताब्यात घेतले आणि सत्तरेक जणांना अटक केली. ही मंडळी अमेरिकेतल्या लोकांना फोन करीत, आम्ही तुमच्या आयकर खात्यातून बोलतो आहोत, कर बुडवल्याबद्दल अटक होणार आहे, आत्ताच्या आत्ता पैसे भरा, असे धमकावीत आणि भेटकार्डे विकत घ्यायला लावून त्यांवरचे आकडे मागून घेत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने या प्रकारच्या फसवणुकीबद्दल ६१ जणांवर व संस्थांवर आरोप ठेवले. त्यांत अहमदाबादमधली पाच कॉल सेंटरे होती. अमेरिकेत पकडलेल्यांपैकी २१ जणांना २०१८ मध्ये शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंतच्या.

ती पद्धत पुन्हा वाचून पाहा. सरकारी अधिकारी, अटकेची भीती, फोन ठेवू न देणे, पैसे तत्काळ. २०२४ मध्ये 'डिजिटल अटक' या नावाने आपल्याकडे जे गाजले त्याचा सांगाडा हाच आहे. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांवर ते चालले तेव्हा आपल्याकडच्या काही वर्तमानपत्रांत त्या पोरांच्या इंग्रजी उच्चारांचे कौतुकमिश्रित वर्णन आल्याचे आम्हाला आठवते. आम्हीही ते वाचून हसलो होतो.

मीरा रोडला पकडलेल्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. समोर छापील संवाद ठेवलेला, तो वाचायचा. बारावी होऊन नोकरी शोधणारी, बऱ्यापैकी इंग्रजी बोलणारी मुले आमच्या वर्गांतूनच बाहेर पडतात. काही आणखी वाईट जाळ्यात सापडतात. परदेशी नोकरी म्हणून गेलेल्यांना म्यानमारच्या सीमेवरच्या कुंपणात कोंडून त्यांच्याकडून असेच फोन करवून घेतात. २०२५ च्या मार्चमध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. बाईंच्या फोनवरचा गणवेशातला माणूस यांतल्या कोणत्या जातीचा होता, कोण जाणे. मराठी चांगले बोलत होता, एवढे बाईंनी सांगितले. एकदोनदा त्याने 'बाई' अशीच हाक मारली.

बाईंनी रात्री मुलाला सांगितले. मुलाने ताबडतोब १९३० या नंबरावर तक्रार केली, म्हणून काही रक्कम मधल्या खात्यांत अडवता आली. सगळी नाही. पाच तास सांगितलेच नसते आणि लाजेने आणखी दोन दिवस गप्प बसल्या असत्या, तर काहीच हाती लागले नसते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून दहांत, असे फार वेगाने पळतात.

आम्ही हे सगळे त्यांना दोनतीन बैठकींत सांगितले. पोस्टाचे उदाहरण पटले. मग त्यांनी विचारले, "येणाऱ्या फोनवरचा नंबर खोटा असू शकतो. मी स्वतः फिरवलेला?" तो वेगळा. आपण नंबर लावतो तेव्हा जोडणी त्या नंबराच्या आधारेच होते, स्ट्रोजरच्या बोटासारखी. तिथे कोणाच्या दाव्याचा संबंध येत नाही. अपवाद ब्रिटनमध्ये घडला आहे. तिथल्या जुन्या तारेच्या फोनवर, फोन करणाऱ्याने ठेवल्याशिवाय लाइन लगेच मोकळी होत नसे. चोर म्हणत, खात्री करायला बँकेला फोन लावा. म्हातारी माणसे फोन ठेवून पुन्हा उचलत, चोर पलीकडून डायल टोनचा आवाज ऐकवी आणि मग स्वतःच बँक म्हणून बोले. शेवटी कंपन्यांना लाइन तुटण्याचा अवधी एकदोन सेकंदांवर आणावा लागला. मोबाइलवर आपण फोन तोडला की तुटतो.

बाईंनी हे कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

महिन्याभराने त्यांचा जबाब घ्यायला फोन आला. नंबर तोच, पोलीस ठाण्याचा. पलीकडचा हवालदार नाव सांगून बोलू लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही ठेवा. मी फोन करते." त्यांनी ठेवला, कॅलेंडर काढले आणि एकेक आकडा दाबला. दोनदा घंटी वाजली. त्याच हवालदाराने उचलला. "हां बाई," तो म्हणाला, "बोला आता."